सांधा शत्रू नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका तरुण गृहसजावटकाराचं भाषण झालं. इमारत पंचवीस वर्षांची. सगळ्यांचीच स्वयंपाकघरं आणि बाथरूम आता दुरुस्तीला आली आहेत, त्यामुळे गर्दी चांगली होती. चहा-बिस्किटंही होती. वक्त्याने पडद्यावर एकाहून एक देखणी बाथरूम दाखवली आणि शेवटी एक वाक्य टाकलं, त्याला टाळ्या पडल्या. ‘सांधा हा तुमचा शत्रू आहे. सांधे जितके कमी, तितकी गळती कमी आणि स्वच्छता जास्त. मोठ्यात मोठी आणि गुळगुळीत फरशी घ्या.’ मी हात वर केला होता. ‘काका, प्रश्नांची वेळ संपली,’ असं सांगून माइक बंद झाला. दुसऱ्या दिवशी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्या बाथरूमसाठी दोन बाय दोनची, आरशासारखी फरशी ठरवूनही आल्या होत्या. म्हणून जे हॉलमध्ये बोलता आलं नाही ते इथे लिहितो.

त्या मुलाशी माझं वैर नाही. त्याची चित्रं सुरेख होती, रंगांची जाण चांगली होती. पण मी चौतीस वर्षं बांधकामावर काढली आहेत, आणि त्याचं ते वाक्य तिन्ही बाजूंनी चूक आहे. शिवाय त्या चुकीची किंमत त्याला मोजावी लागत नाही. ती खालच्या मजल्यावरचा माणूस मोजतो.

गळतीपासून सुरुवात करू, कारण लोक घाबरतात ते तिलाच. फरशी पाणी अडवते, अशी समजूत या वाक्याच्या बुडाशी आहे. फरशीचं ते कामच नाही. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा नऊ इंच ते फूटभर खाली सोडलेला असतो. त्या खड्ड्यातून पाइप जातात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा पडतो, त्यावर फरशी बसते. पाणी अडवायचं ते जलरोधक थराने, आणि तो थर नीट द्यायचा तर स्लॅबवर, कोपऱ्यात वाटा काढून, भिंतीवरही फूटभर चढवून द्यावा लागतो. हा थर कुठे फाटला की पाणी कोब्यात उतरतं आणि घराच्या पोटात एक छोटी विहीरच तयार होते. म्हणून तर वरच्यांनी पंधरा दिवस बाथरूमला कुलूप लावलं तरी खालच्यांच्या छताला पाझर चालूच राहतो, आणि मग सोसायटीच्या सभेत ‘आमचं बाथरूम तर बंदच आहे, पाणी आमचं नाहीच’ असा युक्तिवाद ऐकायला मिळतो.

मी अशी बरीच बाथरूम फोडून पाहिली आहेत. पाणी बहुतेक वेळा आत शिरलेलं असायचं ते जाळीच्या गळ्याभोवतून, भिंतीतून पाइप बाहेर येतो तिथून किंवा भिंत आणि जमीन जिथे भेटतात त्या कोपऱ्यातून. मधल्या सांध्यांतूनही थोडं झिरपतं, नाही कशाला म्हणू. सिमेंटची भरणी काही काच नव्हे. पण तेवढं गृहीत धरूनच खाली थर द्यायचा असतो. थर धड असेल तर वर पाचशे सांधे असू देत. थर फाटका असेल तर वर एकसंध संगमरवर अंथरला तरी जाळीचा गळा तिथेच असतो. तेव्हा काकूंनी फरशीच्या दुकानात जाण्याआधी ठेकेदाराला एकच विचारावं: थर दिल्यावर जाळीला बूच मारून ४८ तास पाणी भरून ठेवणार ना? भिंतीवर पेन्सिलीने पाण्याची रेघ मारायची, खालच्या घरी जाऊन छत बघायचं, मगच फरशीची पेटी उघडायची. भाषणात याबद्दल अवाक्षर नव्हतं. बरोबरच आहे, ४८ तास साचलेलं पाणी पडद्यावर काय दाखवणार?

जाळी म्हणालो, तिचं सरकारी नाव मोठं गोड आहे. बांधकाम खात्याच्या इंग्रजी दरसूचीतसुद्धा तिला ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या आज्यांची न्हाणी साहेबाच्या कागदात जाऊन बसली आणि तिथेच राहिली. घरातून मात्र गेली. न्हाणी म्हटलं की जमीन ओली असणार, पाणी वाहणार, हे शब्दातच आलं होतं. ‘बाथरूम’मध्ये ते कुठेच नाही.

आता उतार. बाथरूमची जमीन ही सपाट नसते, नसावी. गवंडी उतार सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फुटाला एक सूत उतार म्हणजे साधारण शंभराला एक. आमच्या इमारतीतलं बाथरूम चार बाय सात फुटांचं. सात फुटांच्या टोकापासून जाळीपर्यंत आले सात सूत, म्हणजे इंचाला एक सूत कमी. फार नाही, पण तेवढं हवंच. आणि जाळी असते भिंतीलगत, कुठेतरी मध्ये, म्हणजे पाणी तिच्याकडे तीन बाजूंनी यायला हवं. एकच ताठ पत्रा कसाही कलता केला तरी तो तीन बाजूंनी एका बिंदूकडे उतरणार नाही. त्याला घड्या पाडाव्या लागतील. फरशीला घडी पडत नाही. घडी पडते सांध्यात. फूट बाय फुटाच्या अठ्ठावीस फरश्या असल्या की कारीगर प्रत्येक सांध्यात केसभर झुकाव देत देत जमीन जाळीकडे वळवतो, आणि उभ्या माणसाला ते दिसतसुद्धा नाही. दोन बाय दोनच्या सातच असल्या तर वळवायला जागा कुठे? मग एकतर फरशी कर्णावर कापून पाकिटासारखी बसवायची, म्हणजे टाळायला निघालो तो सांधा तिरका होऊन परत आला. नाहीतर उतारच मारून टाकायचा. दुसरा मार्ग सोपा, म्हणून तोच घेतला जातो. पुण्यातल्या नव्या घरांतून आंघोळीनंतर वायपरने पाणी जाळीकडे ढकलत उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. लाखभर रुपये घालून आपण रोज सकाळचं एक काम विकत घेतलं, हे त्यांच्या गावीही नसतं.

इथे वक्त्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. भिंतीच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब जाळी टाकली, तर सगळी जमीन एकाच दिशेला कलती करता येते आणि मग मोठी फरशी चालते. पण त्यासाठी खालचे पाइप, कोबा, थर सगळं नव्याने करायला लागतं. तो तर त्याच दमात सांगत होता, ‘तोडफोड नको, जुन्या फरशीवरच नवी चिकटवा, चार दिवसांत काम खलास!’

या चिकटवण्याबद्दल थोडं. नवी फरशी आणि तिच्याखालचं ॲडहेसिव्ह मिळून जमीन अर्धा इंच वर येते. बाथरूम मुळात बाहेरच्या खोलीपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली असतं, तो फरक गेला. पहिल्याच कपडे धुण्याच्या दिवशी पाणी पॅसेजमध्ये. जाळी खड्ड्यात गेली, तिच्या काठावर केस आणि साबण साचू लागले. उतार जुनाच, चुकीचा असेल तर चुकीचाच. आणि पंचवीस वर्षांचा थर, ज्याच्यासाठी खरं तर हात घालायचा होता, तो तसाच. बैठकीच्या खोलीत खुशाल फरशीवर फरशी लावा. गळणाऱ्या बाथरूममध्ये ती लावणं म्हणजे गळूवर पावडर लावण्यासारखं आहे.

पाय घसरण्याचं मी मुद्दाम नंतर घेतोय, कारण त्यात माझीच नाचक्की आहे. दुसऱ्यांच्या फरश्या तपासत हयात घालवलेल्या मी स्वतःच्या घरात पत्नीच्या आग्रहाला बळी पडून बाथरूममध्ये चकचकीत पांढरी फरशी घातली. खरं सांगायचं तर आग्रह निम्मा माझाही होता. दोन वर्षांनी तिच्यावरूनच घसरलो. उजवं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. भेटायला आलेल्या जुन्या मिस्त्रीने आत डोकावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘साहेब, ही तुम्ही पास केली?’

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीच्या पुढची सर्वांत जास्त. सगळी काही बाथरूममध्ये पडत नाहीत. पण ओली जमीन, साबण, अनवाणी पाय आणि झोपेतून नुकतंच उठलेलं शरीर, हे चारही घरात एकत्र येतात ते तिथेच.

दुकानात हा प्रश्न काढलात की विक्रेता पेटीवर बोट ठेवतो, ‘अँटीस्किड आहे साहेब, आर नाइन!’ हे आर नाइन काय आहे ते ऐका. ही जर्मन चाचणी. कलत्या फळीवर फरशी लावतात, तिच्यावर तेल टाकतात, पायात बूट घालून माणूस चालतो, आणि फळीचा कल हळूहळू वाढवत नेतात. सहा ते दहा अंशांच्या दरम्यान तो घसरला तर ती फरशी आर ९. पुढे आर १०, ११ असं करत आर १३ पर्यंत श्रेणी जाते. म्हणजे आर ९ ही त्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलगी. उत्तीर्ण आहे एवढंच. शिवाय ती परीक्षा बुटांची. अनवाणी पायांची, साबणाच्या पाण्याची चाचणी वेगळी आहे. तिच्यात ए, बी, सी असे वर्ग असतात. ए म्हणजे किमान १२ अंश, बी १८, सी २४. न्हाणीघरासाठी विचारायचं ते याबद्दल. मी पुण्यातल्या तीन दुकानांत विचारलं. एकाने ‘सगळी ए ग्रेडच आहे’ असं छातीठोक सांगितलं. दुसऱ्याने पीईआय चार असल्याचं सांगितलं. तो आकडा फरशीचा वरचा थर किती लवकर झिजतो याचा, घसरण्याशी त्याचा संबंध नाही. तिसऱ्याने चहा मागवला.

तेव्हा प्रयोगशाळा सोडा. नमुन्याची फरशी जमिनीवर ठेवा, तिच्यावर पाणी आणि साबणाचा फेस टाका, चप्पल काढा आणि आधाराला कुणाला तरी धरून पाय फिरवून बघा. दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू द्या. आणि इथे सांधा पुन्हा कामाला येतो. लहान फरशीत पावलाखाली दोन-तीन सांधे येतातच. त्यांच्या कडांना पाय अडतो, पाण्याचा पापुद्रा तुटतो. ओल्या जमिनीवर बारीक तुकड्यांची फरशी लावायची रीत जुनी आहे, ती काही कुणाच्या गरिबीतून आलेली नाही.

यावर उत्तर येतं की आजकाल काचेचं पार्टिशन असतं, ओला भाग वेगळा, कोरडा वेगळा. मी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं. तिथे टबाबाहेरची जमीन ओली होणं अपेक्षितच नाही. त्या जमिनीला जाळीच नव्हती. मी आपल्या सवयीने बादली खाली ठेवून दोन तांबे घेतले आणि खाली स्वयंपाकघराच्या छतावर नकाशा उमटला. जावईबापू काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पडद्यावरची चित्रं त्या कोरड्या खोल्यांची होती. आपण बादली-तांब्याने आंघोळ करतो, कमोडशेजारी पाण्याचा फवारा लावतो, कपडे तिथेच भिजवतो आणि रविवारी खोलीवर बादल्या ओतून खराट्याने घासतो. चार बाय सातात काच लावून त्यातला कोरडा भाग काढा बरं.

राहिला स्वच्छतेचा मुद्दा, आणि त्यात तथ्य आहे. सांधा काळा पडतो. स्वयंपाकघरात हळदीने पिवळा पडतो. घरातली बाई गुडघ्यावर बसून ब्रशने तो घासते, आणि ‘सांधे कमी’ या वाक्यावर टाळ्या वाजल्या त्या याच गुडघ्यांमुळे, हे मला मान्य आहे. पण हिशेब करून बघू. चार बाय सातच्या जमिनीत फूट बाय फुटाच्या फरश्या घातल्या तर सांध्यांची लांबी होते ४५ फूट. दोन बाय दोनच्या घातल्या तर १९ फूट. दोन मिलिमीटर रुंदीने धरलं, तर ४५ फुटांचा सांधासुद्धा सगळ्या जमिनीच्या जेमतेम एक टक्का. एवढ्याशा एक टक्क्यासाठी उतार आणि पाय दोन्ही गहाण टाकायचे? तो एक टक्का साध्या पांढऱ्या सिमेंटने न भरता इपॉक्सीने भरा. महाग पडतं, मान्य. पण ते पाणी पीत नाही, हळद पीत नाही. भरल्यावर फरशीवरची पुसट साय मात्र ओली असतानाच पुसून घ्यायला हवी, नाहीतर खरखरीत फरशीवर ती कायमची बसते. आणि काम संपल्यावर कारीगर हौसेने ॲसिडने धुवायला निघतात, त्यांना दारातच अडवा. सिमेंटची भरणी ॲसिडमध्ये विरघळते. सांध्यांना पहिल्याच दिवशी पडलेल्या त्या भोकांत पुढची दहा वर्षं मळ बसतो आणि शिव्या खातो सांधा.

शिवाय सांधा फरशीला हलायला जागा देतो. इमारत उन्हाने, थंडीने, ओझ्याने हलते, किंचित का होईना. अंगाला अंग भिडवून बसवलेल्या फरश्यांना तेवढीही फट नसते. मग एखाद्या थंडीच्या पहाटे फाडकन आवाज होतो आणि दोन फरश्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहतात. लोक करणीपर्यंत पोचतात. कारण साधं असतं. बाजूला फट नाही आणि खाली पकडही नाही. व्हिट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीला ती धरतच नाही. जुन्या सिरॅमिकच्या सवयीने कारीगर तीही टबात भिजत घालतो, जसे काही छोलेच. तिला ॲडहेसिव्ह लागतं, ते दातेरी थापीने सगळीकडे सारखं ओढावं लागतं. पाठीला पाच गोळे लावून दाबलेली फरशी पोकळ राहते. रुपयाचं नाणं वाजवून बघा. बद्द वाजली की काढायला लावा, बिल देण्याआधी.

इतकं वाचून काही जुने मित्र खूश होतील, कारण त्यांचं म्हणणं आपली शहाबादीच बरी होती. त्यांच्याही नादी लागू नका. मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलो, दगडी मोरीत आंघोळी केल्या, त्या टाकी लावलेल्या दगडावर पाय कधी घसरला नाही. पण ते टाकीचं काम होतं, शहाबादचं पुण्य नव्हे. शहाबाद, कडाप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड. ॲसिड पडलं की फसफसतात, संडास साफ करायच्या बाटलीने चट्टे पडतात. आणि त्याच शहाबादीला पॉलिश केलं, वर शेवाळाचा हात फिरला, की पावसाळ्यात ती माझ्या पांढऱ्या फरशीला मागे टाकते. खरखरीत कोटा लावायची हौस असेल तर जरूर लावा, ॲसिड घरात आणू नका. नाहीतर मोरबीची मॅट फरशीही उत्तम आहे. मोरबीला मी दोष देत नाही. देशातल्या बहुतेक फरश्या तिथल्या भट्ट्यांतून येतात आणि चांगली खरखरीत फरशीही तिथेच होते. मागणारा चकाकी मागतो, भट्टी चकाकी देते.

स्वयंपाकघराचं थोडक्यात आटोपतो, तिथे उताराची भानगड नाही. मोठी फरशी चालेल. पण तेलाचा थेंब आणि पाण्याचा थेंब एकत्र पडतात, तेव्हा चकाकी तिथेही नको, आणि ती तेलाची चाचणी इथे खरी उपयोगी. आर १० मागा. आणि अंगभर एकच रंग असलेली घ्या. नुसत्या वरच्या छापाची फरशी खलबत्ता पडून टवका उडाला की आतलं दुसऱ्याच रंगाचं अंग दाखवते, आणि मग आपण त्या टवक्यावर पायपुसणं टाकून वर्षं काढतो. भिंतीची फरशी स्वस्त पडते म्हणून जमिनीला लावू नका. ती भुसभुशीत असते.

काकूंनी अजून पैसे भरलेले नाहीत. परवा त्या म्हणाल्या, ‘पण भाऊ, लहान फरशी जुनाट नाही का दिसत?’ मी त्यांना कोथरूडला भाचीकडे घेऊन गेलो नाही, पण तिथलं सांगितलं. भाचीचं बाथरूम मागच्या वर्षी झालं, फूट बाय फुटाची करडी मॅट, इपॉक्सी सांधे. राजस्थानी कारीगर होता, हात फार सफाईदार. सांधे भरून वाळल्यावर मी बादली भरून आणली, दाराजवळच्या कोपऱ्यात तांब्या ओतला. पाणी घुटमळलं, वळलं आणि जाळीकडे निघालं. दुसरा तांब्या भिंतीकडून, तोही गेला. तिसरा कमोडच्या मागून ओतला तेव्हा एका फरशीवर बशीएवढं डबकं राहिलं.

‘चाचा, इतना तो सूख जाता है,’ तो म्हणाला.

भाची म्हणाली, ‘मामा, जाऊ दे ना.’

मी स्टूल ओढलं आणि दारात बसून राहिलो. तो डबक्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. दहा मिनिटांनी त्याने छिन्नी उचलली.